नाशिकच्या वायनरी: तीन दिवस, पाच माणसं आणि एक माळकरी सासूबाई

केतकी_पुणे

नमस्कार मंडळी. जानेवारीत शनिवार-रविवारला लागून २६ तारखेची सुट्टी आलीय, तेवढ्या तीन दिवसांत नाशिकच्या वायनरी बघून यायचं असं घरात ठरलंय. ठरलंय म्हणजे मी आणि माझ्या बहिणीने ठरवलंय. नवरा "गाडी मी चालवायची आणि प्यायची तुम्ही, हा कुठला न्याय" म्हणून फुगून बसलाय.

माझा बेत असा: शनिवारी सकाळी सहाला पुणे सोडायचं. त्याच दिवशी सुला, यॉर्क आणि सोमा, जमलं तर संध्याकाळी दिंडोरीला शाँदों. रविवारी इगतपुरीकडच्या दोन, व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा, आणि येताना विंचूरचं वाईन पार्क. सोमवारी जे राहील ते. हे झेपेल का?

आणखी दोन अडचणी. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, त्याला आत घेतात का? आणि सासूबाई माळकरी आहेत. त्यांना घरी ठेवून जायचं होतं, पण बेत कानावर गेल्यावर म्हणाल्या, "मला द्राक्षं दाखवा, बाकी तुमचं तुम्ही बघा." त्यांचं माहेर तासगावचं, द्राक्षांच्या मुलखातलं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.

वाईनमधलं माझं ज्ञान लाल आणि पांढरी इथे संपतं. बहिणीचं त्याहून थोडं कमी.

एकटा_जीव

२६ जानेवारीला ड्राय डे असतो, ताई. सोमवारी जे राहील ते राहीलच.

द्राक्षवाला_निफाड

ताई, मी निफाड तालुक्यातला. घरची द्राक्षबाग, तिसरी पिढी. वाईन मी फारशी पीत नाही, पण वाईनची द्राक्षं पिकवली आहेत, तेव्हा बागेच्या बाजूने जे दिसतं ते सांगतो.

आधी तुमच्या नकाशाचं बघू. वाईन ट्रेल म्हटलं की एका रस्त्याला ओळीने वायनरी असतील असं वाटतं. इथे तसं नाही. नाशिक मध्ये आणि फाटे चारी बाजूंना. सुला, यॉर्क, सोमा या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या अंगाला, एकमेकींच्या जवळ. व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा संजेगावला, म्हणजे मुंबईच्या वाटेवर इगतपुरी तालुक्यात. शाँदों उत्तरेला दिंडोरीकडे. आणि विंचूर पूर्वेला, लासलगावच्या कांद्याच्या ट्रॅक्टरांमागून जायचं. संजेगावहून "येताना विंचूर" म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडणं आहे. पुण्याहून सिन्नरमार्गे येताना तुम्ही आधीच दोनशे किलोमीटर तोडलेले असणार. त्या दिवशी चार वायनरी केल्यात तर चौथीत तुम्हाला फक्त खुर्ची आठवेल.

दिवसाला दोन. एक सकाळी, एक दुपारनंतर. एक दिवस गंगापूर, एक दिवस संजेगाव. दिंडोरीला जायचं तर आधी फोन करून पाहुणे घेतायत का ते विचारा. विंचूर या खेपेला सोडा.

तारीखही बदला. एकटा_जीव म्हणतात ते खरंच आहे, २६ ला कोणी थेंब देणार नाही. आणि आधीचे दोन दिवस अर्धी मुंबई गंगापूर रस्त्यावर असते. फेब्रुवारीत मधल्या वारी या. फक्त सुलाफेस्टच्या तारखा बघून घ्या, त्या दिवसांत तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही.

फेब्रुवारी म्हणतो त्याला दुसरंही कारण आहे. युरोपात थंडीत वेल झोपतो. आपला वेल झोपतच नाही, म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलात खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि माल जानेवारी ते मार्च. फसफसणाऱ्या वाईनसाठी द्राक्ष सगळ्यात आधी, कमी गोडीवर तोडतात, मग पांढऱ्या वाईनचं, शेवटी काळं. फेब्रुवारीत आलात तर एकीकडे वेलावर घड, दुसरीकडे क्रेट, तिसरीकडे टाकी चाललेली, असं तिन्ही एका फेरीत बघायला मिळतं. पावसाळ्यात डोंगर हिरवे दिसतात, फोटो छान येतात, पण वेलावर नुसता पाला.

आत गेल्यावर काय बघायचं ते सांगतो, कारण गाइड मुलं घाईत असतात. परवानगी घेऊन शिराझचा, म्हणजे वाईनच्या काळ्या द्राक्षाचा, एक मणी तोडा आणि तळहातावर दाबा. साल काळीभोर, रस पाण्यासारखा. रंग सगळा सालीत असतो. म्हणून लाल वाईन करताना रस सालीसकट आंबवतात आणि पांढरीला आधी दाबून साल वेगळी करतात. तुमचं लाल-पांढरी इतकंच ज्ञान आहे ना, त्याच्या मागची गोष्ट एवढीच आहे. टाकीत साली फुगून वर येतात, जाड सायीसारख्या, आणि खालचा रस पंपाने पुन्हा त्यांच्यावर सोडतात. ते चालू असेल तर दोन मिनिटं थांबा. गुऱ्हाळ आणि आंबवलेलं पीठ यांच्या मधला वास येतो. टाकीच्या तोंडात मात्र डोकावू नका, आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो.

आणि तो मणी खाऊन बघा. छोटा, जाड सालीचा, बियांचा, आणि आपल्या खायच्या द्राक्षापेक्षा गोड. आम्ही थॉमसनला, म्हणजे बिनबियांच्या खायच्या द्राक्षाला, जी.ए.त (मणी वाढवणाऱ्या संजीवकात) बुडवून मणी फुगवतो, विरळणी करतो. वाईनवाल्याला फुगलेला मणी नको असतो, कारण मणी जितका लहान तितकी रसाला साल जास्त. खायचं द्राक्ष सतरा-अठरा ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) निघतं, वाईनचं काळं बावीसच्या पुढे. एका बाटलीला किलोच्या थोडं वर द्राक्ष लागतं.

हे मला इतकं पाठ का, तर २००५ साली दोन एकर थॉमसन काढून मी शिराझ लावली होती. तेव्हा लाटच होती. सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ ला आलं, सुलाचं नाव झालं, आणि आमच्याकडे जो तो वायनरीशी करार करायला लागला. माझा करार एका लहान वायनरीशी. २००७ आणि २००८ चा माल उचलला, पैसे उशिरा दिले पण दिले. मग मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, आणि २००९ च्या हंगामात त्यांनी फोन घेणं बंद केलं. शिराझ बाजारात कोणी घेत नाही. बिया आहेत म्हणून बेदाणाही होत नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत घड वेलावर सुकत होते आणि मी रोज सकाळी बागेत जाऊन नुसता ब्रिक्स मोजत होतो, कशासाठी ते विचारू नका. २०१० ला कुऱ्हाड लावली. एकटा मी नव्हतो, त्या दोन वर्षांत पुष्कळांनी वाईनच्या बागा काढल्या. आता दोन्ही एकर पुन्हा खायच्या द्राक्षाचे आहेत.

म्हणून मी लोकांना सांगतो, टेस्टिंगच्या आधी बाग बघा. तिथे उभी असलेली प्रत्येक ओळ कोणीतरी टिकवलेली आहे.

सासूबाईंना जरूर आणा. माझी आईही माळकरी होती. क्रेट भरले की विचारायची, "कुठं जातो रे माल?" मी सांगायचो, "रस काढायला." खोटं नव्हतं. ती पुढे विचारायची नाही. तीही काही कमी नव्हती.

मुलाचं: महाराष्ट्रात वाईनला वय एकवीस. आत येऊ देतात, बाग-टाक्या बघू देतात, प्याला देत नाहीत. त्याच्याकडे लायसन्स आहे का?

केतकी_पुणे

आहे! मागच्या दिवाळीत मिळालं. हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं, त्याचा फुगा उतरला. आता मुलगा फुगलाय.

दादा, तुमचं वाचून बेत बदलला. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, मंगळवार-बुधवार. चौघांच्या रजा मिळवायला कोणाकोणाचे पाय धरावे लागले ते सांगत नाही.

आता चाखण्याचं कोणी सांगेल का? म्हणजे तिथे गेल्यावर बावळट दिसू नये इतपत.

काउंटरपलीकडून

मी दोन वर्षं एका टेस्टिंग रूममध्ये काम केलंय, त्यामुळे आधीच सांगते: बावळट तो दिसतो जो पेला पाच मिनिटं गरागरा फिरवून मग "ओकी आहे" म्हणतो, तेही ओकच्या पिंपात कधी न गेलेल्या वाईनला. आम्ही "हो सर" म्हणायचो आणि मागे जाऊन हसायचो. ज्या बायका सरळ विचारायच्या की हे आंबट का लागतंय, त्यांच्याशी बोलायला मजा यायची.

पेला दांडीला धरा, दोन वेळा फिरवा, नाक घाला, मग घोट. बस.

क्रम ते देतील तसाच घ्या: फसफसणारी, पांढरी, रोझे, लाल, शेवटी गोड. उलटं केलंत तर लालच्या तुरटपणानंतर पांढरी पाण्यासारखी लागते. एका वेळी साधारण तीस मिली ओततात. पाच वाईन म्हणजे दीडशे मिली, एक भरलेला पेला. दोन वायनरीत दोन पेले झाले, वर जेवणाबरोबर एक घेतलात की तिघी-चौघांचं गणित तुम्हीच करा. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. आपल्या लोकांना ते फार लाजिरवाणं वाटतं, दोन वर्षांत ते नीट वापरणारी माणसं मी बोटांवर मोजली. पण जे वापरायचे त्यांना सहावी वाईनसुद्धा आठवायची. थुंकायचं नसेल तर उरलेली त्यात ओता, कोणी काही म्हणत नाही.

आणि मुलगा चालवणार असेल तर त्याला खरोखर एकही घोट नको, वयाचं सोडून. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्ताला ३० मिलीग्रॅम आहे, आणि पहिल्यांदा सापडलं तरी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

सकाळी पोट भरून या. त्या दिवशी सेंट, अत्तर, मोगऱ्याचा गजरा काही नको, सगळ्या टेबलाला तोच वास येतो.

आता माझा खरा सल्ला, जो कुठल्या माहितीपत्रकात नसतो. दहा वेगळ्या वाईन चाखण्यापेक्षा एकच जात दोन्ही दिवशी दोन ठिकाणी मागा. सॉव्हिन्यॉ ब्लाँ घ्या. एकीकडे तुम्हाला ढोबळी मिरची आणि कापलेलं गवत येईल, दुसरीकडे पेरू येईल, आणि तेव्हा डोक्यात लख्ख पडतं की द्राक्ष एकच असून हा फरक कोणी केला. शिराझचंही तसंच. काळी मिरी शोधा, काहींना जांभूळ येतं. सांगणारा मुलगा म्हणेल, "यात तुम्हाला स्ट्रॉबेरी जाणवेल." नाही जाणवली तर नाही म्हणा. त्याने ते त्या दिवशी चाळिसाव्यांदा म्हटलेलं असतं.

शेनिन ब्लाँची लेट हार्वेस्ट असेल तर शेवटी घ्या. घड वेलावर जास्त दिवस ठेवून गोडी वाढवलेली असते. ज्यांना वाईन आवडत नाही त्यांनाही ही आवडते आणि मग ते तीच घरी नेतात.

संध्याकाळी पाच ते सात सूर्यास्ताची गर्दी असते. अकराची पहिली टूर गाठा, माणसं ताजी असतात. काउंटरवरची.

द्राक्षवाला_निफाड

मिरचीचं बाईंनी बरोबर सांगितलं. आमच्याकडे सांगायचे की सॉव्हिन्यॉ जरा लवकर तोडलं की मिरची राहते, पिकू दिलं की पेरूकडे जातं. त्यात थंडीचाही हात आहे. रात्री गार असल्या की द्राक्षातला आंबटपणा टिकतो. तीच थंडी आम्हा खायच्या द्राक्षवाल्यांना रडवते. निफाडचा पारा चार-पाचावर गेला की पेपरात फोटो येतात आणि आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवत बसतो, नाहीतर मण्यांना तडे जातात. एकाच थंडीवर कोणी खूश, कोणी जागा.

आणि ताई, नारायणगाव तुमच्या वाटेवरच आहे. थांबायची गरज नाही, पण जाताना बहिणीला सांगा की ऐंशीच्या दशकात श्याम चौगुल्यांनी फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाईन तिथेच काढली होती, सुलाच्या कितीतरी आधी. आम्ही नाशिककर हे सहसा सांगत नाही.

केतकी_पुणे

जाऊन आलो! कबूल केल्याप्रमाणे वृत्तान्त.

पहिला दिवस गंगापूरकडे. एका ठिकाणी, नाव नको, फोनवर अकराची टूर पक्की केली होती. पोचल्यावर कळलं की कुठल्याशा कंपनीचा साठ जणांचा गट आलाय, आता टूर अडीचला. दिलगिरी म्हणून एक बशी चीज आली. आम्ही चडफडलो, मुलाने चीज संपवलं. पण त्या तीन तासांत धरणाच्या बाजूला नुसते बसून राहिलो आणि खरं सांगायचं तर मला पहिल्या दिवसातलं तेच सगळ्यात जास्त आठवतंय.

सुलात गाइडने सांगितलं की राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर आले, आधी आंबे वगैरे करून पाहिले, १९९७ ला वाईनच्या वेली लावल्या, आणि नाव आईच्या, सुलभाच्या, नावावरून ठेवलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "आईच्या नावाने दारू?" गाइड बिचारा गप्प. मग पुढच्या वळणावर स्वतःच म्हणाल्या, "मुलाने नाव ठेवलं आईचं, तेवढं तरी."

दुसरा दिवस संजेगाव. काउंटरबाई, तुमचा सॉव्हिन्यॉचा प्रयोग केला. पहिल्या दिवशी मला मिरची आली, बहिणीला काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीला पेरू आला आणि ती इतकी ओरडली की शेजारचं टेबल वळून बघायला लागलं. थुंकायचं भांडं वापरलं, फक्त मी. नवऱ्याने "पैसे दिलेत" या तत्त्वावर नकार दिला आणि परतीच्या वाटेवर सिन्नरपर्यंत झोपला.

दादा, आता तुमच्यासाठी. तिथे तोडणी चालू होती. डोक्याला फडकं बांधलेल्या पंधरा-वीस बायका, हातात कात्री, ओळीत बसून काळे घड क्रेटमध्ये टाकत होत्या. गाइड आम्हाला फ्रेंच पिंपांकडे नेत होता आणि सासूबाई मागेच राहिल्या. बघते तर त्या एका बाईशेजारी उकिडव्या बसलेल्या. "गोडी छाटणी कधी केली?" "सप्टेंबरच्या शेवटी, मावशी." "भुरी आली नाही का?" "आली तर. औषध मारलं." मग घडाला किती मणी, एका वेलाला किती घड ठेवता, मजुरी किती, सगळं झालं. गाइडला यातलं एकही उत्तर आलं नसतं. त्या बाईने एक लहानसा घड कापून हातात दिला. सासूबाईंनी मणी चावला, बी थुंकली, साल बराच वेळ चघळली आणि म्हणाल्या, "आमच्या तासगावात हे कोणी फुकट नेणार नाही. पण गोड किती आहे गं."

गाडीत बसल्यावर मी तुमचा किस्सा सांगितला, आईचा आणि रसाचा. त्यांनी सगळा ऐकून घेतला. म्हणाल्या, "तिला माहीत असणार."

आता एक शेवटची अडचण. तीन बाटल्या आणल्यात, दोन लाल, एक शेनिनची ती गोड. फ्रीज सासूबाईंचा, त्यात देवाचा नैवेद्य असतो, तिथे बाटली जाणार नाही असं स्पष्ट सांगण्यात आलंय. बाहेर कशा ठेवू? उभ्या की आडव्या?

काउंटरपलीकडून

फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवलीत तरी चालते. बूच असेल तर आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा आत जात नाही. गॅसपासून लांब, अंधारात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पुण्याचा एप्रिल यायच्या आत लाल संपवा. गोडवाली उघडाल त्या दिवशी बर्फाच्या बादलीत अर्धा तास ठेवा, फ्रीजचा प्रश्नच येत नाही.

द्राक्षवाला_निफाड

ताई, सासूबाईंना सांगा, मार्चअखेरपर्यंत आमचा माल आहे. थॉमसन, बिया नाहीत. बाग बघायला या म्हणावं. आणि त्यांनी विचारलेली मजुरी मलाही कळवा, यंदा आमच्याकडे तोडणीला बायका मिळत नाहीयेत.